गाडीचे सस्पेन्शन बदलण्यापूर्वी आणि बदलताना

सस्पेन्शन सुधारून घ्यावे असे ज्यांना वाटते, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार तीनपैकी एक असते. पाच माणसे आणि सामान भरले की गाडी मागून बसते आणि गतिरोधकावर घासते. किंवा घाटातल्या वळणावर ती एका अंगाला फार कलते. किंवा पूर्वी जाणवत नसत ते खड्डे आता थेट पाठीला जाणवतात. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी असतात, उपायही वेगळे असतात, आणि एकीवरचा उपाय दुसरीत भर घालतो हेही पुष्कळदा दिसते. म्हणून दुकानात जाण्याआधी तक्रार कागदावर नेमकी लिहून काढावी: कोणत्या वेगाला, किती माणसे बसलेली असताना, पुढच्या की मागच्या चाकाकडून. ‘गाडी कडक वाटते’ एवढ्यावर कोणताही मिस्त्री योग्य भाग सुचवू शकत नाही, आणि तरीही तो सुचवतो, ही खरी अडचण आहे.

या लेखात उदाहरणासाठी स्विफ्टसारखी हॅचबॅक डोळ्यांपुढे ठेवली आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) ही रचना आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत असते, त्यामुळे यातले बरेचसे अशा इतर गाड्यांनाही लागू पडते. मोठ्या एसयूव्हींबद्दल शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

कोणता भाग कोणते काम करतो

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. ज्याला आपण शॉकअप म्हणतो तो डॅम्पर वजन पेलत नाही; तो स्प्रिंगची हालचाल आवरतो. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग सुटली की वर-खाली झुलत राहू पाहते, आणि शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाताना ती ऊर्जा उष्णतेत जिरवते. त्यामुळे ‘नवे शॉकअप टाका, गाडी वर येईल’ हा सल्ला मुळातच चुकीचा आहे. वायू भरलेल्या शॉकअपमुळे उंचीत फार तर काही मिलिमीटरांचा फरक पडतो. बसलेली गाडी उचलायची असेल तर स्प्रिंगकडे पाहावे लागते, आणि गाडी झुलत असेल तर शॉकअपकडे. वळणात अंग किती कलेल हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, कल आवरणारी पोलादी दांडी) मिळून ठरवतात. हे सारे भाग रबरी बुशांवर (सांध्यांतल्या रबराच्या गाद्यांवर) आणि बॉल जॉइंटवर (सगळीकडे फिरू शकणाऱ्या सांध्यांवर) टेकलेले असतात, आणि बहुतेक गाड्यांत आधी झिजतात तेही हेच.

आधी जुने तपासावे

माझ्या पहिल्या गाडीला सुमारे सत्तर हजार किलोमीटरनंतर पुढून खडखड ऐकू येऊ लागली. हळू वेगात, सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरून जाताना आवाज स्पष्ट यायचा. वेग वाढला की नाहीसा व्हायचा. एका गॅरेजने चारही शॉकअप गेल्याचे निदान केले आणि मी ते बदलूनही घेतले. गाडी बाहेर काढून पहिल्याच गल्लीत वळलो, तर खडखड जशीच्या तशी! पुढे दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनी गाडीखाली शिरून अँटी-रोल बारची लिंक रॉड दोन बोटांनी हलवून दाखवली. तिचा बॉल जॉइंट ढिला झाला होता, आणि तो भाग काहीशे रुपयांचा होता. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, तसा तो प्रकार. तेव्हापासून कोणी सस्पेन्शन बदलण्याचा विषय काढला की मी आधी बुश, लिंक रॉड, लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे वरचे माउंटिंग तपासायला सांगतो.

ही तपासणी अवघड नाही. गाडी उभी असताना कोणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगून पुढच्या स्ट्रट माउंटिंगवर हात ठेवावा. कट्कट् असा झटका हाताला लागला तर माउंटिंग किंवा त्यातले बेअरिंग संशयास्पद समजावे. लोअर आर्मच्या मोठ्या बुशात चीर दिसते का हे टॉर्चच्या उजेडात पाहावे. ब्रेक लावताच गाडी किंचित एका बाजूला सरकत असेल तर त्या बुशाकडे आधी बोट दाखवावे. शॉकअपच्या नळीवर तेलाचा पातळ, धूळ चिकटलेला थर असणे चालते. तेल ओघळून खाली आलेले असेल तर मात्र तो शॉकअप संपला. बोनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी पूर्णपणे गेलेला शॉकअप ओळखते, अर्धवट गेलेला नाही. म्हणून त्या चाचणीत गाडी उत्तीर्ण झाली तरी निश्चिंत होऊ नये.

टायर हाही सस्पेन्शनचाच भाग आहे

पाठीला खड्डे जाणवतात या तक्रारीवर सर्वांत स्वस्त उपाय हवेचा दाब तपासण्याचा आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पत्र्यात दोन दाब दिलेले असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक पूर्ण भारासाठी. पंपावर मात्र सर्वांना सरसकट पस्तीस भरले जाते. थंड टायरमध्ये योग्य दाब भरून दोन दिवस गाडी चालवून पाहिल्याशिवाय पुढचा खर्च ठरवू नये.

दुसरा मुद्दा रिमचा. एकाच गाडीच्या महागड्या आवृत्तीला १९५/५५ आर १६ आणि मधल्या आवृत्तीला १८५/६५ आर १५ टायर येतात असे काही वेळा आढळते. पहिल्याची भिंत १९५ च्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर उंच असते, आणि दुसऱ्याची १२० मिलिमीटर. दोन्हींचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच, ६२१ मिलिमीटरच्या आसपास येतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. कंपनीनेच त्या गाडीला दोन्ही मापे दिली असतील, तर लहान रिमवर येणे म्हणजे प्रत्येक चाकाला तेरा मिलिमीटर जास्त हवेची गादी मिळणे. ज्यांनी हौसेने मोठे अलॉय बसवले आणि मग सस्पेन्शन ‘मऊ’ करण्यासाठी गॅरेज गाठले, त्यांनी आधी हा उलटा प्रवास करून पाहावा.

टेप घेऊन उंची मोजावी

जमिनीपासूनचा क्लिअरन्स मोजण्यात टायरची झीज आणि हवा मधे येते. त्याऐवजी चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. सपाट जागी, हँडब्रेक न लावता, गाडी थोडी पुढे-मागे ढकलून स्थिर झाल्यावर चारही चाकांशी हे माप घ्यावे: आधी रिकाम्या गाडीत, मग नेहमीचा पूर्ण भार असताना. गणपतीला कोकणात जाताना माणसे, डिकीतल्या पिशव्या आणि वरून नारळाचे पोते असा जो भार असतो, तोच मोजण्यासारखा असतो. एकाच आसाच्या डाव्या-उजव्या मापांत दहा-पंधरा मिलिमीटरांचा फरक दिसला तर एखादी स्प्रिंग खचली आहे किंवा तिचे टोक तुटले आहे असा अंदाज करता येतो. तुटलेले टोक बहुतेकदा स्प्रिंगच्या खालच्या वाटीत लपलेले असते.

सस्पेन्शन पूर्ण दबून गाडी टेकते का, हेही कळू शकते. मागच्या शॉकअपची दांडी उघडी असेल तर तिच्याभोवती एक प्लॅस्टिकची पट्टी सैलसर आवळून नळीला टेकवून ठेवावी. भारलेल्या गाडीचा एक प्रवास झाला की पट्टी वर जिथे सरकून राहिली असेल तितकी हालचाल वापरली गेली. ती बंप स्टॉपरपर्यंत (हालचाल शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) पोहोचलेली दिसली, तर गाडी टेकत असल्याचा पुरावा हाती आला. अशी नोंद घेऊन दुकानात जाणाऱ्या माणसाला सहसा कोणी भलतेच विकू शकत नाही.

शॉकअपची निवड

हॅचबॅकच्या मालकाने बदल करायचाच असेल तर तो बहुतेक वेळा येथूनच सुरू करावा, कारण साठ-सत्तर हजार किलोमीटरनंतर मूळ शॉकअपची पकड इतक्या हळूहळू सुटलेली असते की चालकाला ती कळतही नाही. कंपनीचाच नवा संच बसवला तरी गाडी ‘सुधारली’ असे वाटते. गॅब्रिएल, मन्रो आणि केवायबी ही नावे आपल्या बाजारात सहज मिळतात. गॅब्रिएलचे कारखाने तर चाकणला आणि नाशिकला आहेत. यांतला मूळ दर्जाचा संच नवख्या माणसाला पुरेसा असतो, हे माझे स्पष्ट मत आहे.

त्यापुढे जायचे असेल तर दोन रचना समजून घ्याव्यात. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये आतल्या नळीभोवती तेलाचा साठा असतो. तो स्वस्त असतो, बाहेरची नळी दगडाने चेपली तरी आतले काम सहसा चालू राहते, मात्र खराब रस्त्यावर सलग पळवल्यास तेल तापून फेसाळते आणि पकड सुटते. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यात एक तरंगता पिस्टन असतो. तो उष्णता लवकर बाहेर टाकतो आणि प्रतिसाद चटकन देतो, पण नळीला पोचा पडला तर पिस्टन अडकतो. शहरात आणि अधूनमधून घाटात चालणाऱ्या गाडीला दुहेरी नळी पुरते. बिलस्टीनच्या मालिकेवरून निवडीचे तत्त्व छान कळते: बी ४ मूळ भागाच्या जागी, बी ६ मूळ स्प्रिंग ठेवून जास्त पकडीसाठी, आणि बी ८ उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंगसाठी. म्हणजे स्प्रिंग कोणती आहे हे ठरल्याशिवाय शॉकअप ठरत नाही. उंची कमी केलेल्या स्प्रिंगवर मूळ लांबीचा शॉकअप ठेवला तर त्याच्या दाबण्याच्या बाजूची जागा आधीच खर्ची पडलेली असते.

घट्टपणा बदलता येणारे शॉकअप आणि उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (आटे पाडलेल्या नळीवर स्प्रिंग बसवलेले शॉकअप) यांचे आकर्षण मोठे असते. पण घट्टपणा वाढवला की कोणती हालचाल आवरली जाते, दबण्याची की उसळण्याची, हे ओळखता येईपर्यंत ती बटणे आंधळेपणाने फिरवली जातात. शिवाय कॉइलओव्हरच्या आट्यांत आपल्याकडची धूळ आणि चार महिन्यांचे पावसाचे पाणी बसते. दोन पावसाळ्यांनंतर ज्या आट्या फिरतच नाहीत त्यांचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

शॉकअप नेहमी एका आसावर जोडीनेच बदलावेत, आणि सोबत बंप स्टॉपर, डस्ट कव्हर व माउंटिंगही नवे घ्यावे. हे लहान भाग वाचवण्याच्या नादात तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

स्प्रिंगचा हिशेब

गाडी मागून बसते या तक्रारीवर ‘कडक स्प्रिंग’ हे उत्तर सर्रास दिले जाते. ते कितपत खरे आहे हे साध्या आकड्यांनी पाहता येते. समजा मागच्या प्रत्येक चाकाशी स्प्रिंगचा ताठपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे, म्हणजे दोन्ही मिळून ४०. मागच्या आसावर माणसे आणि सामान मिळून २०० किलोचा जादा भार आला तर ते सुमारे १,९६० न्यूटन होतात, आणि गाडी ४९ मिलिमीटर बसते. आता स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक केली, म्हणजे एकूण ताठपणा ४८ झाला, तर ती ४१ मिलिमीटर बसेल. फायदा फक्त आठ मिलिमीटरांचा, आणि त्याची किंमत म्हणून वर्षातले उरलेले साडेतीनशे दिवस रिकामी गाडी उडत राहील. याउलट मूळ स्प्रिंग खचलेली असेल, तर कंपनीचीच नवी स्प्रिंग टाकून गेलेली उंची परत मिळते, तीही आरामाला धक्का न लावता. म्हणून आधीची टेपची मापे महत्त्वाची.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे पॉलियुरेथेनचे बफर हा आपल्याकडे फार लोकप्रिय झालेला उपाय आहे. तो वेटोळ्यांमधली हालचाल रोखून स्प्रिंग कृत्रिमपणे कडक करतो, त्यामुळे भारलेली गाडी थोडी वर राहते हे खरे. पण ज्या वेटोळ्यांना काम करायचे ते कमी होतात आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. शिवाय मूळ शॉकअप या वाढलेल्या ताठपणाला आवरण्यासाठी बनवलेला नसल्याने गाडी गतिरोधकानंतर मागून उसळते. वर्षातून एकदा लांबच्या प्रवासाला ते मागे लावून परतल्यावर काढून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे मला पटते. कायमचे, चारही चाकांना लावणे पटत नाही.

स्प्रिंग कापून गाडी खाली आणण्याचा प्रकार तर पूर्ण टाळावा. कापल्याने उंची घटते, उरलेली स्प्रिंग कडक होते आणि तिचे टोक वाटीत नीट बसत नाही. खाली आणलेली गाडी वळणात आपोआप कमी कलते हाही भ्रम आहे. मॅकफर्सन रचनेत गाडी खाली आली की लोअर आर्म चाकाकडे वर चढता होतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. परिणामी कलण्याचा जोर वाढूही शकतो.

उंचीची खरी गरज किती, हेही मोजून पाहावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या निकषातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. स्विफ्टच्या दोन आसांत २,४५० मिलिमीटर अंतर आहे. एवढ्या अंतरात त्या गतिरोधकाचा फुगवटा दोन चाकांच्या पातळीपेक्षा केवळ ४४ मिलिमीटर वर येतो. म्हणजे निकषातल्या गतिरोधकावर भारलेली हॅचबॅकही घासायला नको. ती घासते ती गावाच्या वेशीवर रातोरात उभारलेल्या, हातभर रुंद आणि वीतभर उंच उंचवट्यावर, कारण तो सगळाच्या सगळा दोन आसांच्या मधे उभा राहतो. त्याच्यासाठी स्प्रिंग बदलण्यापेक्षा इंजिनच्या चेंबरखाली धातूचे जाड संरक्षक पत्रे लावणे आणि तिरके जाणे शहाणपणाचे ठरते.

घाटातला कल

ताम्हिणीत किंवा आंबोलीत गाडी कलते म्हणून जाड अँटी-रोल बार घ्यावासा वाटतो. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० ऐवजी २२ मिलिमीटरचा बार लावला की तो सुमारे ४६ टक्क्यांनी ताठ होतो. पुढे ताठ बार लावला तर पुढून ओढणारी गाडी वळणात बाहेरच्या बाजूला अधिक सरकू लागते, आणि फक्त मागे लावला तर ओल्या घाटात मागचा भाग सटकण्याची शक्यता वाढते. शिवाय एकच चाक खड्ड्यात गेले की त्याचा धक्का दुसऱ्या चाकाकडेही पोहोचतो. म्हणून चांगले टायर, नवे शॉकअप आणि ताजे बुश यांनी भागत नसेल तरच हा विचार करावा. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ असतात, पण कुरकुरतात आणि रस्त्याची थरथर आत आणतात; रोजच्या गाडीत ते मी घालणार नाही.

चौकटीवरच्या मोठ्या गाड्या

वेगळ्या पोलादी चौकटीवर बसवलेल्या फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओसारख्या गाडीची उंची वाढवताना ५० मिलिमीटरांच्या पुढे सहसा जाऊ नये, कारण पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि त्यांच्या सांध्यांवरची रबरी आवरणे (बुटे) फाटू लागतात. मागच्या सलग आसाला आडवा दांडा असेल तर गाडी वर गेल्यावर आस एका बाजूला सरकतो. त्यासाठी लांबी जुळवता येणारा दांडा लागतो. मागे पाटे असलेल्या गाडीत एखादा जादा पाटा घालून भार पेलता येतो, पण रिकामी गाडी मग बैलगाडीसारखी आदळते. काही जुन्या गाड्यांत मागच्या आसाची उंची पाहून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. म्हणून त्याची जुळणी विसरू नये.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मूळ मापाचे शॉकअप बदलणे ही दुरुस्ती आहे. प्रश्न उंची आणि टायरचे माप बदलण्याने उभे राहतात. बिले जपून ठेवावीत आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा.

बसवण्याच्या दिवशी

स्ट्रट उलगडताना स्प्रिंग शंभर किलोंहून कितीतरी जास्त जोराने दबलेली असते, त्यामुळे स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कॉम्प्रेसर नसलेल्या जागी हे काम देऊ नये आणि घरी तर मुळीच करू नये. दुहेरी नळीचा नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडावा, म्हणजे आडवा ठेवल्याने कामाच्या नळीत शिरलेली हवा निघून जाते. दांडीचा वरचा नट आवळताना दांडी पकडीत धरली आणि तिच्या चकचकीत भागावर ओरखडा आला, तर तो ओरखडा महिन्याभरात ऑइल सील फाडतो. हे घडताना समोर उभे राहून थांबवावे लागते. सर्वांत जास्त दुर्लक्षित बाब बुशांची आहे. रबरी बुश धातूला चिकटवलेले असतात आणि स्वतः पिळून काम करतात. गाडी जॅकवर लटकत असताना त्यांचे बोल्ट पूर्ण आवळले, तर गाडी खाली येताच बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. म्हणून बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उतरवावी, थोडी दाबून बसवावी, आणि मगच ते बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत.

त्याच दिवशी अलाइनमेंट करून आधीचा आणि नंतरचा कागद मागून घ्यावा. उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोत भिंतीवर तपासावा, आणि काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत त्याची जुळणी कंपनीकडे करून घ्यावी. पहिले काही दिवस गाडी नेहमीपेक्षा कडक वाटते. पाचशे ते हजार किलोमीटरमध्ये ती बसते. तेव्हा पुन्हा एकदा टेप घेऊन चारही मापे घ्यावीत, सर्व बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत, आणि मापांत पाच-सात मिलिमीटरांहून जास्त फरक पडला असेल तर अलाइनमेंट दुसऱ्यांदा करावी.